हट्टी पोरांच्या घरी फोनवरून शिकवणारं माणूस द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या पानावर मध्यंतरी लहान मुलांच्या हट्टीपणावर बरीच चर्चा झाली. कुणी मोबाइलला बोल लावला, कुणी नोकरीवाल्या आयांना, एका गृहस्थांनी विभक्त कुटुंबाला. आमचं कुटुंब एकत्र आहे, सूनबाई नोकरी करत नाही (द्राक्षबागेत पहाटेपासून राबणं नोकरीत धरत नसतील तर), आणि तरीही आमचा चार वर्षांचा नातू वणीच्या भर बाजारात लोळण घ्यायचा, बहिणीला चावायचा, जेवणाचं ताट भिरकवायचा. त्यामुळे कारणं सांगणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. माझा राग आहे तो त्या पत्रांच्या शेवटच्या ओळीवर. जवळजवळ प्रत्येकानं शेवटी लिहिलं होतं, 'योग्य समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.' घ्यावा, बरोबर. पण कुठे जाऊन घ्यावा, आणि कधी?

मी दिंडोरी तालुक्यातली. आमच्याकडून नाशिक तसं फार लांब नाही. पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरची बाई पोराला काखोटीला मारून शहरात निघाली की तिचा दिवस गेला, रोज बुडाला, आणि सोबत कुणी यायचं म्हटलं तर दोन रोज बुडाले. एकदा जाऊन भागत नाही हेही आहे. पोराचं वागणं बदलायचं म्हणजे तीन-चार महिने दर आठवड्याला खेप. आमच्या भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की कामांची रांग लागते: पेस्ट, मग फेलफूट काढणी, डिपिंग, विरळणी, आणि मध्ये ढग आले की फवारणी. या दिवसांत दर बुधवारी दुपारी शहरात या असं कुणी सांगितलं, तर आम्ही मान डोलवतो आणि जात नाही.

आम्ही एकदा गेलो होतो. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, आणि ते आवर्जून करावं असं मी सगळ्यांना सांगेन. पोराला नीट ऐकू येतं का, बोलणं वयाप्रमाणे आहे का, झोप पुरते का, रक्त कमी आहे का, हे तपासल्याशिवाय त्याला हट्टी म्हणू नये. ऐकूच कमी येणारं पोर 'ऐकत नाही' म्हणून मार खातं, हे मी आमच्या गावात पाहिलंय. आमच्या नातवाचं सगळं ठीक निघालं. गंमत अशी की डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो हाताची घडी घालून असा बसला, की त्यांना वाटलं आम्हीच कांगावा करतोय. परक्या खोलीत पोर आपला खेळ दाखवत नाही. तो खेळ संध्याकाळी सातला आमच्या पडवीत असतो, भाकरी तव्यावर, मजुरांचा हिशोब अर्धा, आणि धाकटी रडत असताना. शिकवणाऱ्यानं बघायचं ते तिथं.

सूनबाईनं मग शहरातल्या एक समुपदेशक बाई शोधल्या, ज्या व्हिडिओ कॉलवर शिकवतात. मला वाटलं होतं, फोनवर तासभर लेक्चर ऐकवतील. तसं नव्हतं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, म्हणजे मॅडमना आई आणि पोर दोघं दिसतील. आईच्या एका कानात वायर. समोर चार-दोन खेळणी, आमच्याकडे ठोकळे आणि एक चाक गेलेला ट्रॅक्टर. पोर खेळणार, आई सोबत बसणार, आणि मॅडम तिकडून आईच्या कानात हळूच सांगणार: 'त्यानं लाल ठोकळा वर ठेवला, तेवढंच बोला.' 'आता प्रश्न नको.' 'त्यानं हळू ठेवलं ना, लगेच कौतुक करा.' पोराला मॅडम ऐकू येत नाहीत. त्याला फक्त एवढंच कळतं, की आई आज वेगळी वागतेय.

ही पद्धत अमेरिकेतल्या शीला आयबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात बसवली. दोन ते सात वर्षांच्या पोरांसाठी. तेव्हा काचेपलीकडच्या खोलीतून आईच्या कानात सूचना द्यायचे, आता काचेच्या जागी मोबाइल आला. तिचे दोन भाग. पहिल्या भागात रोज पाच मिनिटं खेळाचं पुढारपण पोराकडे. आईनं सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक काढायची नाही. तो करतो ते शब्दांत सांगायचं, तो बोलतो ते पुन्हा म्हणायचं, आणि चांगलं दिसलं की नेमकं काय चांगलं ते बोलून दाखवायचं. मोजमापही कडक. पाच मिनिटांत अशी नेमकी कौतुकं दहा, वर्णनं दहा, त्याचं बोलणं परत म्हणणं दहा; आणि प्रश्न, सूचना, टीका सगळं मिळून तीनपेक्षा जास्त नाही. हे जमलं की पुढच्या भागात जायचं.

वाचताना सोपं वाटेल. आपल्या घरात चार वर्षांच्या पोराशी पाच मिनिटं एकही प्रश्न न विचारता बोलून बघा. 'हे काय केलंस?', 'गाय कशी करते?', 'पाहुण्यांना नमस्कार केला का?' आपलं सगळं लाडाचं बोलणं परीक्षेसारखं चालतं. सूनबाई बी.एस्सी. झालेली, हुशार, पण पहिल्या आठवड्यांत तिच्या तोंडून दर वाक्याला प्रश्नच निघायचा आणि मॅडम कानात हसायच्या. ही गोष्ट पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून सुधारत नाही. चुकतंय त्या क्षणी कुणीतरी सांगावं लागतं.

कौतुकाचं प्रकरण आमच्या घरी अडलं ते माझ्यापाशी. आमच्या पिढीत पोराच्या तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. मी आजही शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि ओवाळत राहणार. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की 'माझा राजा किती गुणाचा' वगैरे माझ्याकडून होणार नाही. त्या म्हणाल्या, आजी, पोराचं करूच नका, कामाचं करा. 'चपला जागेवर ठेवल्यास, बरं केलंस.' 'बहिणीला ठोकळा दिलास, छान.' हे मला पटलं. कामाला दृष्ट लागत नाही. आणि शहरी ताईंच्या 'गुड जॉब, व्हेरी गुड'पेक्षा हे बरं, कारण पोराला कळतं की नेमकं कशाबद्दल.

दुसरा भाग सांगितलेलं ऐकण्याचा. सूचना एक, छोटी, काय करायचं ते सांगणारी. 'आगाऊपणा करू नको' ही सूचना नव्हे. 'ट्रॅक्टर खाली ठेव' ही सूचना. मग पाचपर्यंत मनात मोजून थांबायचं. ऐकलं की लगेच कौतुक. नाही ऐकलं तर एकदाच इशारा, आणि मग थोडा वेळ एका ठिकाणी बसवणं, न ओरडता, न मारता. इथं आमचं मॅडमशी थोडं वाजलं. त्यांनी सांगितलं, बसण्याची जागा वेगळी, शांत हवी. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. शांत जागा फक्त औषधांची खोली, आणि तिथं फवारणीची औषधं असल्यानं पोराला पाऊलही टाकू देत नाही. शेवटी पडवीच्या भिंतीला एक सतरंजीचा तुकडा ठरला. चाललं. शिकवणारा माणूस असेल तर असं जुळवून घेता येतं. अ‍ॅपला आमची औषधांची खोली दिसली नसती.

त्यांनी आधीच बजावलेली एक गोष्ट फार मोलाची होती: हट्टाला दाद देणं बंद केलं की हट्ट आधी वाढेल. आजवर रडलं की मिळायचं. आता मिळेना, तर पिंपळगावच्या लिलावात बोली चढवावी तसा तो आवाज चढवणार. नेमक्या त्या दिवसांत घरातलं कुणी एक जण विरघळलं, तर पोर शिकतं की अर्धा तास रडलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी अर्धा तास रडायच्या तयारीनंच बसतं. आमच्याकडे विरघळणारे म्हणजे आमचे हे. रडणं कानावर पडलं की ह्यांचा हात खिशातल्या मोबाइलकडे जाणार, गाणी लावून देणार. मॅडमनी ह्यांनाही कॉलवर बसवलं. एकट्या आईला शिकवून एकत्र कुटुंबात काही होत नाही. आजोबांना, आत्याला, आणि हो, आजीलाही बसवावं लागतं. परदेशात तयार झालेल्या या अभ्यासक्रमांत आई-बाप दोघंच धरलेले असतात. आपल्याकडे दिवसभर पोर ज्याच्या हाताखाली असतं त्याला धरा.

आज नातू संत झालाय असं नाही. चावणं थांबलं, ताट फेकणं थांबलं, बाजारात अजून कधी कधी आवाज चढतो. सूनबाईचा हात उठणं थांबलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पण हे आम्हाला फी परवडली, घरात वायफाय आहे आणि सून शिकलेली आहे म्हणून. आमच्या बागेत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते. कुटुंबच्या कुटुंब येतात, पोरं बांधावर खेळतात. त्यांतल्या एका बाईनं आमच्या पडवीतला हा प्रकार पाहिला आणि मला विचारलं, 'माय, आमच्या पोरीचं पण त्या बाईंना सांगाल का?' तिच्या पोरीसाठी कोण आहे?

सरकारनं सुरू केलेली टेली-मानस ही हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते. आई स्वतःच खचली असेल, झोप उडाली असेल, तर जरूर फोन करावा. पण संकटात एकदा बोलणं वेगळं आणि एकाच माणसानं दर आठवड्याला तुमच्या घरातलं वागणं बघून पुढचं पाऊल सांगणं वेगळं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पालकत्वाचे व्हिडिओ पाठवणं म्हणजे तर काहीच नाही. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर असे ढिगानं येतात. 'मुलांना मारू नका' सगळ्या जणी अंगठा दाखवून पुढे पाठवतात, आणि पुढच्या मिनिटाला पाठीत धपाटा घालतात, कारण मारायचं नाही तर मग काय करायचं, ते त्यात नसतं.

फोनवरून हे जमतं का, असं विचारणाऱ्यांसाठी सूनबाईनं शोधून मला वाचून दाखवलेलं थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू सँडर्स आणि सहकाऱ्यांनी दूरच्या खेड्यांतल्या पालकांना एक पुस्तिका आणि आठवड्याचा साधा फोन एवढ्यावर शिकवून पाहिलं. ते १९९७ साली छापून आलं. साधा फोन, तेव्हा कुठला व्हिडिओ! कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये पॅट्रिक मॅकग्रा यांनी असंच टेलिफोनवरचं काम उभं केलं. तिथं फोन करणारे मोठे डॉक्टर नव्हते. नीट शिकवून तयार केलेली माणसं होती, आणि त्यांच्यावर देखरेख होती. अमेरिकेत चाळीस कुटुंबांवर झालेली तुलना २०१७ साली छापून आली, निम्मी दवाखान्यात जाणारी, निम्मी घरून इंटरनेटवर शिकणारी. घरची निम्मी काही मागे पडली नाहीत.

मला सगळ्यात आवडलं ते फिनलंडचं. तिथं चार वर्षांच्या पोरांची बालआरोग्य केंद्रात तपासणी होतेच. त्याच वेळी पालकांना वागण्याबद्दल प्रश्न विचारले, ज्यांना अडचण होती अशा ४६४ पोरांची कुटुंबं घेतली, आणि निम्म्यांना इंटरनेटवरचे अकरा धडे आणि दर आठवड्याला फोन दिला. वर्षभरानंतरही त्यांच्यात फरक दिसत होता. तुर्कू विद्यापीठाचं काम, २०१६ साली प्रसिद्ध झालं. यात वाट बघत बसणं नाही. आईनं तक्रार घेऊन जायच्या आधी तिला विचारलं गेलं.

आता आपल्याकडे बघा. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आणि तीन ते सहा वर्षांची पोरं तिथंच असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. पुढच्या उपचारांसाठी जिल्हास्तरावर डीईआयसी नावाच्या केंद्राची सोयही त्यातच आहे. म्हणजे फिनलंडची पहिली पायरी आपल्याकडे बांधलेली आहे. पथक पोराचे दात, डोळे, वजन बघतं, तेव्हाच आईला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारायचे: घरी फार आदळआपट करतो का, चावतो-मारतो का, तुमचा हात उठतो का, मदत हवी का. हो म्हणणारीला फोन यायला हवा.

फोन करणार कोण? अंगणवाडी सेविकेवर हे टाकू नका, हात जोडून सांगते. तिच्या मोबाइलमध्ये आधीच पोषणाच्या नोंदी, फोटो, हजेऱ्या भरल्यात. एक ओळ भरायला नेटवर्क शोधत ती टेकडी चढते. वेगळी माणसं नेमा आणि त्यांना वेगळा पगार द्या. शिकवायला दूर कशाला जायचं? म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचा जन्मच १९८९ साली लांबून शिकवण्यासाठी झाला. दोन विद्यापीठं एकाच शहरात, आणि दोघांनी मिळून गावाकडच्या पदवीधर मुलींसाठी असा एक अभ्यासक्रम काढला, वर अनुभवी मानसशास्त्रज्ञांची देखरेख ठेवली, तर जिल्ह्याची गरज भागायला सुरुवात होईल. पेठ-सुरगाण्यासाठी तिथल्या आदिवासींची कोकणी (कोकणातली नव्हे) बोलणाऱ्या मुली घ्या, बागलाण-मालेगावकडे अहिराणी बोलणाऱ्या. त्या मजूर बाईनं आमच्या मॅडमचं शुद्ध मराठी ऐकलं असतं तर तिनं 'हो ताई, हो ताई' म्हणून फोन ठेवला असता.

मजुरीसाठी फिरणाऱ्यांना तर फोनच सोयीचा. दिवाळीनंतर घर पाड्यावर आणि माणसं निफाड-दिंडोरीच्या बागेत. दवाखान्याचा कागद गावी राहतो, मोबाइल सोबत येतो. डोंगरात रेंज नसते हे खरं. तिथं व्हिडिओचा हट्ट नको, साधा कॉल चालेल, क्वीन्सलँडला चालला होता.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. कॅमेरा घरात येतो तेव्हा घरातलं सगळं दिसतं, फाटकं अंथरूणही आणि दारूची बाटलीही. आईला विचारल्याशिवाय काही साठवून ठेवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, आणि कार्यक्रमाच्या जाहिरातीत आमच्या पोरांचे लोळण घेतानाचे व्हिडिओ अजिबात नकोत. दुसरं, ज्या घरात नवरा बायकोला आणि पोराला मारतो, तिथं 'नेमकं कौतुक करा' शिकवून उपयोग नाही. तिथं मुलांसाठीची १०९८ आणि बायकांसाठीची १८१ या हेल्पलाइन आहेत, आणि शिकवणाऱ्या मुलीला तो फरक ओळखता आला पाहिजे. हा अभ्यासक्रमातला पहिला धडा असावा, शेवटचा नको.

आपल्या वार्ताहरांनी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला एवढंच विचारावं: बाल स्वास्थ्य पथकाच्या पुढच्या फेरीत वागण्याचे हे चार प्रश्न घेता येतील का, आणि एखाद्या तालुक्यात असा फोन सुरू करून बघता येईल का? सुरुवात पेठपासून केली तर उत्तम. द्राक्षवाल्यांचं नंतर बघा. आणि कुणी खरंच सुरू केलं तर फोनची वेळ रात्री साडेआठनंतर ठेवा. सहा वाजता केलात तर कुणी उचलणार नाही, त्या वेळी आम्ही बागेतून घरी निघालेलो असतो.

आपली नियमित वाचक,
एक आजी
ता. दिंडोरी, जि. नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, नातू पुढेमागे हे वाचेल म्हणून छापू नये.)